पालवीच्या दिवसांत परसातील कष्टाची कामे: कोणती करावीत, कोणती थांबवावीत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बेलापूरला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी आपले बैठे घर आहे. परसात एक जुना आंबा, भिंतीलगत दोन करंज आणि कढीपत्ता आहे, शेजारच्या आवारात पिंपळ आहे आणि निम्म्या जमिनीवर पेव्हर ब्लॉक बसवलेले आहेत. पावसाळ्यापूर्वी ब्लॉक काढायचे, पाचोळा आवरायचा, वाढलेल्या फांद्या छाटायच्या आणि नव्या झाडांसाठी खड्डे खणायचे असा आपला बेत आहे. परंतु मार्च-एप्रिलमध्ये कामाला लागले की मान खाली जाते आणि वर्षातून एकदाच येणारी पालवी पाहायची राहून जाते. म्हणून सगळे काम मे महिन्यावर ढकलावे का, असे आपण विचारले आहे.

सगळे काम ढकलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काही कामे मात्र खरोखरच पुढे न्यावीत, आणि ती कोणती हे दिनदर्शिकेपेक्षा झाडावरचे पान अधिक नेमके सांगते. ठाणे आणि नवी मुंबईतील बागांची कामे करताना मी जे वेळापत्रक पाळतो ते पालवीच्या अवस्थांवरच बेतलेले असते. त्यामुळे झाडाकडे पाहणे हा कामातला खंड राहत नाही, तो कामाचाच भाग होतो.

मे महिन्यात काम सोपे जाईल ही समजूत आधी बाजूला ठेवू. आपल्या किनारपट्टीवर मार्चमधील दुपारी कधी कधी अतिशय तापतात, कारण पूर्वेकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यांमुळे समुद्रावरचे वारे उशिरा सुरू होतात. त्या तुलनेत मेमधील दुपारचे तापमान पुष्कळदा कमीच असते, पण कष्टाचे काम दुपारी करायचे नसतेच. प्रश्न सकाळचा आहे, आणि सकाळचे किमान तापमान मार्चमध्ये साधारण 20 ते 22 अंश असते तर मेमध्ये ते 27 च्या आसपास जाते आणि हवेतील दमटपणाही वाढलेला असतो. मार्चमध्ये सकाळी सात वाजता कुदळ चालवणाऱ्याचा घाम वाऱ्याने सुकतो. मेमध्ये तोच घाम अंगावर तसाच राहतो आणि शरीर थंड होत नाही. म्हणून जड खणकाम जितके अलीकडे उरकता येईल तितके बरे.

आता झाडाकडे वळू. आपल्याकडची बरीच झाडे भर उन्हाळ्यात, पाऊस दोन-तीन महिने दूर असताना पालवतात. जुनी पाने गळून गेली की बाष्पीभवन कमी होते, खोल गेलेल्या मुळांनी ओढलेले पाणी खोडात आणि फांद्यांत साठते, आणि दिवस मोठा होऊ लागल्याची चाहूल लागताच कोंब फुटतात. पहिला पाऊस येतो तेव्हा पाने पूर्ण वाढलेली असतात आणि वाढीचा सगळा हंगाम झाडाच्या हाती लागतो. या कोवळ्या पानांची लाली अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येते. हरितद्रव्य पुरेसे तयार होण्याआधी तीव्र प्रकाशापासून ते पानाचे रक्षण करते. तोवर पानात पोषणही थोडेच असल्यामुळे कीटकांना ते फारसे लाभत नाही, असे अभ्यासक मानतात. आंबा, सीता अशोक, नागकेशर यांची कोवळी पाने मऊ कापडासारखी खाली लोंबतात, त्याचाही उपयोग होतो, कारण लोंबणाऱ्या पानावर माध्यान्हीचे ऊन सरळ पडत नाही.

याचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे. पालवीच्या काही आठवड्यांत झाड साठवणीतले अन्न खर्च करत असते आणि पाण्यासाठी सर्वस्वी मुळांवर अवलंबून असते. नवी पाने अन्न तयार करू लागेपर्यंत त्याच्या हाताशी फारशी शिल्लक नसते. अशा वेळी जिवंत फांदी छाटली तर त्या फांदीवर खर्च झालेले सगळे वाया जाते, आणि मुळे तोडली तर वरची कोवळी पाने दोन दिवसांत मलूल होतात. यावरून नियम सोपा निघतो. झाडाची पाने लाल आणि लोंबती आहेत तोवर त्याच्या फांद्यांना आणि त्याच्या छायेखालच्या जमिनीला हात लावू नये. पाने हिरवी आणि ताठ झाली की छायेखालचे काम सुरू करावे. पान पक्के झाले की नाही हे पाहण्यासाठी ते हलकेच दुमडावे. कोवळे पान चामड्यासारखे वाकते, पक्के पान शिरेपाशी कडकन मोडते. आंब्याच्या एका पालवीला लालपासून गडद हिरव्यापर्यंत पोहोचायला साधारण तीन ते पाच आठवडे लागतात.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसावे लागेल असे नाही. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून पहिले काम असते पाचोळ्याचे, आणि नवे माळी ज्या कामाला सर्वांत कमी लेखतात तेच मला सर्वांत मोलाचे वाटते. पाचोळा हा कचरा समजून बाहेर टाकू नये, जाळू तर मुळीच नये. बागेतील पालापाचोळा उघड्यावर जाळण्यास 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई केली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास 5,000 रुपये दंडाचा आदेश दिला. दंड बाजूला ठेवला तरी, डोंगराच्या पायथ्याशी वाळलेल्या गवताच्या तोंडावर काडी ओढणे हे कोणत्याही हिशेबाने शहाणपणाचे नाही. पारसिकच्या उतारावर काय किंवा येऊरच्या जंगलाकडे काय, या दिवसांत लागलेले वणवे पालवीसकट लहान झाडे संपवतात.

पाचोळा गोळा करताना तो दोन ढिगांत वेगळा करावा. आंबा आणि फणस यांची पाने जाड व चिवट असतात, ती कुजायला वेळ घेतात आणि म्हणून आच्छादनासाठी उत्तम. करंज, कढीपत्ता, तामण यांची पाने त्या मानाने लवकर कुजतात, ती खतासाठी ठेवावीत. जाळीच्या गोल पिंजऱ्यात पाचोळ्याचा वीतभर थर, त्यावर स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचा किंवा शेणकाल्याचा पातळ थर, असे भरत जावे आणि ढीग दर पंधरा दिवसांनी वरखाली करावा. मार्चच्या सुरुवातीला भरलेला पिंजरा पावसाळ्याच्या तोंडावर काळे, भुसभुशीत खत देतो. नुसता पाचोळा कोरडाच ठेवला तर त्याला वर्षही पुरत नाही, कारण त्यात कर्ब भरपूर आणि नत्र फार कमी असते. आच्छादन तीन ते चार इंच जाड असावे आणि बुंध्यापासून हातभर लांब ठेवावे. बुंध्याला टेकलेल्या ओल्या पाचोळ्याने साल कुजते आणि वाळवीला आडोसा मिळतो.

ढिगात हात घालण्यापूर्वी मात्र दंताळ्याने तो लांबून पसरावा. पाचोळ्यात बसलेली घोणस दिसत नाही, ती दिसली असे वाटते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि जाड हातमोजे यांना या कामात पर्याय नाही. साप आढळला तर त्याला मारण्याच्या फंदात न पडता वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

झाडताना एक गोष्ट अवश्य पाहावी. आंब्याखाली कात्रीने कापल्यासारखी सरळ रेषेत तुटलेली, अजून लालसर असलेली कोवळी पाने पडलेली दिसली, तर ते पान कुरतडणाऱ्या सोंड्या किड्याचे काम असते. मादी कोवळ्या पानात अंडी घालते आणि ते पान देठाजवळ कापून खाली पाडते, पुढे अळी त्या पडलेल्या पानातच वाढते आणि मग मातीत जाते. म्हणून ही पाने आच्छादनात किंवा खताच्या पिंजऱ्यात जाऊ देऊ नयेत. ती रोज वेचून बादलीभर पाण्यात काही दिवस बुडवून ठेवावीत. एवढे केले तर घरच्या एका झाडावर फवारणीची गरज सहसा पडत नाही. हे किडीचे लक्षण वर पाहून चटकन कळत नाही, ते खाली मान घालून झाडणाऱ्यालाच कळते, त्यामुळे आपल्या तक्रारीतील खाली गेलेली मान अगदीच वाया गेलेली नाही.

दुसरे काम खड्ड्यांचे, आणि हे काम मार्चमध्ये करण्यास पूर्ण मोकळीक आहे, फक्त ते मोठ्या झाडांच्या छायेबाहेर असावे. झाडाची अन्न शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि ती छायेच्या कडेपलीकडेही जातात, म्हणून आंब्याच्या घेरापासून आणखी दोन-तीन फूट अंतर सोडावे. खड्डा किती मोठा, याचा निर्णय भावनेच्या भरात घेऊ नये. आंबा-फणसासारख्या झाडासाठी 1 मीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल खड्डा सांगितला जातो, आणि त्यातून निघणारी माती सुमारे दीड टन भरते. त्याउलट 60 सेंटिमीटरच्या खड्ड्यातून साधारण साडेतीनशे किलो माती निघते. लहान परसात, मध्यम उंचीच्या झाडासाठी हा दुसरा खड्डा पुरेसा आहे, आणि तोही एका सकाळी पुरा करण्याचा हट्ट धरू नये. पायथ्याच्या जमिनीत वर हातभर माती आणि खाली मुरूम लागतो. आदल्या संध्याकाळी खड्ड्याच्या जागी चार-पाच बादल्या पाणी सोडून ठेवले तर सकाळी पहार कमी उसळते. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला असे ढीग करावेत, कारण भरताना वरचीच माती खाली जाते. खणलेला खड्डा उन्हात तीन-चार आठवडे तापू द्यावा, मातीतील हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि बुरशी यांचा त्रास त्यामुळे कमी होतो. रात्री त्यावर फळी टाकायला विसरू नये.

खाडीकडच्या सपाट भागात, म्हणजे वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या भराव टाकलेल्या जमिनीत, हीच पद्धत जशीच्या तशी चालत नाही, कारण तिथे खाली चिकण, काही ठिकाणी खारट माती किंवा बांधकामाचा राडारोडा निघतो. तिथे खोल खणण्यापेक्षा उंच वाफा घालणे शहाणपणाचे. आपली जागा पायथ्याला असल्याने हा प्रश्न आपल्याला नसावा.

आता मुख्य गोष्ट, पालवी पाहायची कशी. मार्चच्या मध्यात आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि पुढचा दीड-दोन तास तो तिरपा असतो. कोवळे पान पातळ आणि अर्धपारदर्शक असल्याने त्याचा रंग उजेड मागून आला तरच खुलतो. सूर्य पाठीशी घेऊन पाहिलेली आंब्याची पालवी तपकिरी आणि काहीशी मळकट दिसते. तीच पालवी सूर्याच्या बाजूला तोंड करून पाहिली तर तांबूस, मद्यासारखी, काही पानांत जांभळट अशी उजळून निघते. म्हणून मी खड्ड्याची जागा ठरवताना शक्य तिथे माणूस पूर्वेला तोंड करून उभा राहील आणि समोर झाड असेल असे पाहतो, आणि मातीचा ढीग पाठीमागे घालतो. घमेले रिकामे करून वळले की समोर झाड येते. दहा वाजेनंतर सूर्य वर चढला की हा सगळा खेळ संपतो, आणि नेमकी तीच वेळ शरीराच्या दृष्टीनेही काम थांबवण्याची असते.

उन्हात श्रम करणाऱ्याला दर वीस-पंचवीस मिनिटांनी सावलीत थांबावेच लागते. बहुतेक लोक ही विश्रांती मोबाइलकडे पाहत घालवतात. त्या वेळात एकच फांदी रोज पाहावी, हवे तर तिला रंगीत दोरा बांधून ठेवावा. संपूर्ण झाड पाहिले की सगळे सुंदर एवढेच कळते. एक फांदी पाहिली की कोंब केव्हा फुगला, त्याची आवरणे केव्हा गळली, पाने केव्हा पहिल्यांदा लोंबली आणि कोणत्या सकाळी देठाने त्यांना पहिल्यांदा आडवे धरले, हे दिसू लागते. आंब्यावर याच दिवसांत काही फांद्यांना कैऱ्या आणि काहींना पालवी असे चित्र असते. ज्या फांदीवर मोहोर आला नाही किंवा गळून गेला तिथे पालवी अधिक जोमाने येते, हेही त्या निरीक्षणातून पडताळता येईल.

करंजाची तऱ्हा वेगळी आहे. तो आंब्यासारखा लालीच्या भानगडीत फारसा पडत नाही. थोडेच दिवस तो उघडा दिसतो, आणि मग मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये त्याच्यावर असा चकचकीत, लख्ख पोपटी रंग येतो की धुळीच्या रस्त्यावरही नजर अडते. माझ्या मते ठाणे परिसरातील रस्त्याकडेच्या झाडांत पालवीच्या बाबतीत करंजाला तोड नाही, आणि तरीही पाहणारे सगळे गुलमोहर-बहाव्याची वाट पाहत असतात. पुढे करंज फुलतो आणि त्याच्या पांढुरक्या-गुलाबी फुलांचा सडा जमिनीवर पडतो. तो सडा झाडून टाकू नये, ती फुले कुजून उत्तम खत होते.

शेजारच्या पिंपळाबद्दल आपण लिहिले आहे की रस्त्यापलीकडचा पिंपळ पालवला तरी हा अजून बोडकाच आहे. तो आजारी नाही. पिंपळात झाडागणिक आठवड्यांचा फरक पडतो, आणि त्यामुळे दोन पिंपळ जवळ असणाऱ्याला तांबूस पालवीचा हंगाम दुप्पट लांबीचा मिळतो. त्याची एक कटकट मात्र आहे. कुंपणाच्या भिंतीच्या फटींत पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजलेली पिंपळाची रोपे एरवी शेवाळात आणि गवतात दिसत नाहीत. पालवीच्या दिवसांत त्यांची तांबूस, टोकदार पाने लगेच ओळखू येतात. बोटाएवढी असतील तर फट ओली करून मुळासकट ओढून काढावीत आणि हवे असल्यास कुंडीत लावावीत. वरून कापली तर ती पुन्हा फुटतात आणि मूळ भिंतीत जाडच होत राहते.

छाटणीविषयी थोडे काटेकोर लिहिणे भाग आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 हा आपल्या खासगी आवारातील झाडांनाही लागू आहे, आणि झाड तोडणे या संज्ञेत झाडाला इजा पोहोचवण्याचाही समावेश होतो. त्यामुळे मोठ्या फांद्यांना हात लावण्यापूर्वी महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करून परवानगी घ्यावी. पावसाळ्यापूर्वी अशा अर्जांची गर्दी होते, म्हणून अर्ज मार्चमध्येच द्यावा आणि छाटणी पान पक्के झाल्यावर करावी. ही दोन्ही वेळापत्रके आपोआप जुळतात. कोणती फांदी वाळलेली आहे हे ओळखण्यासाठी पालवीसारखी दुसरी संधी नाही, कारण सगळे झाड पालवलेले असताना जी फांदी उघडी राहते ती मेलेली आहे हे कोणालाही दिसते. अशा फांद्यांवर आताच खुणा करून ठेवाव्यात, त्यांचे छायाचित्र अर्जाला जोडावे. आंब्याच्या जिवंत फांद्यांचा विचार फळे उतरल्यावरच करावा. करंजाच्या भिंतीवर झुकलेल्या फांद्या मेच्या पहिल्या पंधरवड्यात घ्याव्यात, पण त्यापूर्वी शिंजीर किंवा शिंपी या पक्ष्यांचे घरटे त्यात नाही ना, हे नीट पाहावे. याला कढीपत्ता अपवाद आहे. त्याचे शेंडे फेब्रुवारीत किंवा मार्चच्या आरंभीच खुडावेत, म्हणजे तो खालून भरगच्च फुटतो. त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्यांच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली तर ती फुलपाखराची असते, दोन-चार डहाळ्या तिच्यासाठी सोडायला हरकत नसावी.

पेव्हर ब्लॉकचे काम दोन टप्प्यांत करावे. मोकळ्या जागेतील ब्लॉक आताच काढता येतील. पहिला ब्लॉक पहारीच्या टोकाने उचकटावा, पुढचे हातानेच निघतात, पण प्रत्येक वेळी कमरेत न वाकता गुडघे वाकवून उचलावेत. खाली वाळूचा थर आणि त्याखाली दाबलेला मुरूम असतो. तो टिकावाने वीतभर फोडून त्यात पाचोळा खत मिसळले नाही तर पावसात तिथे नुसते डबके होते. आंब्याच्या छायेखालचे ब्लॉक मात्र पान पक्के होईपर्यंत, म्हणजे बहुधा एप्रिलच्या अखेरीपर्यंत, तसेच ठेवावेत. त्यांच्याखाली गारव्याला आलेली बारीक मुळे जाळ्यासारखी पसरलेली असतात आणि ब्लॉक उचलताच ती उघड्यावर पडून काही तासांत सुकतात. तिथे एका सकाळी दोन-तीन फुटांचाच पट्टा उघडावा, मुळे न तोडता वर चाळलेली माती आणि जाड पाचोळा घालावा आणि लगेच भिजवावे. किमान बुंध्याभोवतीचा एक मीटर तरी कायमचा मोकळा राहावा. पाणी बुंध्याशी ओतू नये. छायेच्या कडेला उथळ आळे करून आठवड्यातून एकदा भरपूर द्यावे, रोजच्या शिंपडण्याने मुळे वरच राहतात.

आपण साठीच्या उंबरठ्यावर आहात आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे, असे लिहिले आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीचे प्रमाण वाढवतात आणि उन्हात त्यामुळे शरीरातील पाणी लवकर कमी होते, तेव्हा जड काम सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. पहिल्या आठवड्यात अर्धा-पाऊण तासच काम करावे, शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावे आणि काम संपल्यावर मीठ घातलेले कैरीचे पन्हे किंवा कोकम सरबत. खारघरमध्ये 16 एप्रिल 2023 रोजी उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने 14 जणांचा मृत्यू झाला, आणि ते लोक खणत नव्हते, बसलेले होते. आपल्या दमट हवेत पारा चाळिशी ओलांडण्याची गरज नसते. गरगरणे, उलटीची भावना, बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही जाणवले तर काम तिथेच टाकून सावलीत जावे, अंग ओले करावे, आणि गोंधळलेपणा असेल तर घरच्यांनी थेट 108 ला फोन करावा. नाक्यावरून कामगार आणणार असाल तर त्यांनाही हीच वेळ आणि हेच पाणी लागू आहे. पूर्ण दिवसाची मजुरी ठरवून सकाळचेच काम घ्यावे, ते शेवटी स्वस्त पडते.

नव्या झाडांची निवड करताना पालवीचा विचार करणार असाल तर काही नावे सुचवतो. येऊरच्या बाजूला मार्चमध्ये एखादे झाड मोहरल्यासारखे संपूर्ण लालभडक दिसते आणि जवळ गेल्यावर ती पाने असल्याचे कळते, ते झाड बहुधा कोशिंब असते. आपल्याकडील सर्वांत देखणी पालवी त्याचीच, पण त्याचा विस्तार मोठा असल्याने आपल्या परसात ते लावू नये. दालचिनी आपल्या जागेला सर्वांत योग्य वाटते. तिची कोवळी पाने लालचुटूक असतात, उंची आवाक्यात राहते आणि साल-पाने स्वयंपाकात चालतात. सीता अशोकाला थोडी सावली आणि ओलावा मानवतो, तेव्हा तो करंजाच्या जवळ, पण छायेबाहेरच्या बाजूला चालेल. त्याच्या तांबूस पानांचे झुपके गोंड्यांसारखे लोंबतात. नागकेशराची गुलाबी-लाल पालवी अप्रतिम असते, मात्र तो अतिशय सावकाश वाढतो, हे जाणूनच लावावा. पिंपळ किंवा वड घराच्या पायाजवळ कदापि लावू नये.

मेच्या अखेरीस खड्डे भरावेत. तळाशी पाचोळ्याचा थर, मग बाजूला ठेवलेली वरची माती आणि चांगले कुजलेले शेणखत दोनास एक या प्रमाणात, त्यात दोन-तीन मुठी निंबोळी पेंड, आणि खालचा मुरूम फक्त आळ्याच्या बांधासाठी. भर जमिनीपेक्षा अर्धी वीत उंच ठेवावी, कारण पहिल्या सरींनी ती खाली बसते. रोप लावण्याची घाई पहिल्या वळवाला करू नये. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती खोलवर ओली झाली की, बहुधा जूनच्या उत्तरार्धात, पिशवीतील मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एक येईल अशा बेताने रोप लावावे, आणि त्या वेळी त्याच्या शेंड्याला लाल, लोंबती पालवी असेल तर ती हिरवी होईपर्यंत आणखी पंधरा दिवस ते पिशवीतच राहू द्यावे.